नाव एक, विषाणू दोन

गेल्या अंकात पिकांवरच्या विषाणूंच्या जिनोम सिक्वेन्सिंगविषयी, म्हणजे त्यांच्या जनुकीय मजकुराची अक्षरं क्रमानं वाचण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून पत्रं आली. बेला, जैनथ, तलमडुगू, इच्चोडा इकडून आली, तशी महाराष्ट्रातल्या पांढरकवडा आणि किनवटकडूनही. दोन्हीकडचं वावर काळं, पिकं तीच, तक्रारीही त्याच. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो. "काय फवारू?" एवढंच विचारणाऱ्यांनी निदान पहिली दोन उत्तरं वाचावीत आणि मग पंप खांद्यावर घ्यावा.

सोयाबीन फुलावर असताना पिवळं पडलं. दुकानदारानं 'व्हायरसचं औषध' दिलं, दोन फवारे झाले, फरक नाही. सिक्वेन्सिंग करून व्हायरस नेमका कोणता ते कळलं तर बरोबर औषध मिळेल का? (बेला)

नाही मिळणार. शेतात फवारून झाडातला विषाणू मारणारं औषध आज बाजारात नाही. तुम्हाला जे दिलं ते पोषक द्रव्य असेल, प्रतिजैविक असेल किंवा कीटकनाशक असेल. प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. कीटकनाशकाचा उपयोग होतो तो विषाणू वाहून नेणाऱ्या किडीवर, आणि तोही वेळेत मारलं तर. पानं पिवळी झाल्यावर त्या झाडापुरता खेळ संपलेला असतो.

मग विषाणू ओळखून करायचं काय? सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचंच बघा. आपण एक नाव घेतो, पण त्या नावामागे निदान दोन वेगळे विषाणू आहेत. एकाला मुगाचा पिवळा मोझॅक विषाणू म्हणतात, दुसऱ्याला मुगाचा भारतीय पिवळा मोझॅक विषाणू. दोघांचाही जिनोम म्हणजे डीएनएची दोन वर्तुळं, प्रत्येकात सुमारे २,७०० अक्षरं. दोघांनाही पांढरी माशीच नेते. पानावरची लक्षणं इतकी सारखी की डोळ्यांनी फरक करता येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मदुराईच्या सोयाबीनमध्ये पहिला निघाला, जबलपूरच्या सोयाबीनमध्ये दुसरा. ढोबळमानानं दक्षिणेकडे पहिल्याचं राज्य आणि उत्तर-मध्य भारतात दुसऱ्याचं. आपला आदिलाबाद-यवतमाळ पट्टा या दोहोंच्या सांध्यावर येतो. म्हणून इथले नमुने वाचून पाहणं महत्त्वाचं. एका विषाणूपुढे टिकणारा वाण दुसऱ्यापुढे टिकेलच, असं गृहीत धरता येत नाही. त्यातही दोन विषाणू एकाच झाडात शिरले तर आपापल्या जनुकांचे तुकडे अदलाबदल करून तिसरंच काही घडवू शकतात. हे सगळं फक्त अक्षरं वाचूनच कळतं. त्या वाचनाचा फायदा पैदासकाराला होतो, त्याच्याकडून तो तुमच्या बियाण्याच्या पिशवीत येतो. थेट तुमच्या पंपात येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकनं आणि त्याच्या जोडीला मूळकुजीनं केलेली नासाडी सगळ्यांना आठवत असेल. तेव्हाही अनेकांनी फवारे मारून पैसा घालवला. जेएस ३३५ हा जुना, लाडका वाण या रोगाला लवकर बळी पडतो. जेएस २०-२९ सारखे वाण त्यामानानं तग धरतात. पुढच्या हंगामात पहिला निर्णय वाणाचा घ्या. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात एखाद-दुसरं झाड पिवळं दिसलं की उपटून पिशवीत घाला आणि पुरून टाका. धुऱ्यावर फेकलं तर माशी तिथून उठून शेजारच्या झाडावर बसते. पिवळे चिकट सापळे लावा. पांढरी माशी असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे टाळा, त्यांनी तिचे शत्रू मरतात आणि ती अधिक वाढते.

आणि एक. पिवळं सगळं मोझॅक नसतं. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात, आणि वावराचा मोठा पट्टा सारखाच दिसतो. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे वेडेवाकडे ठिपके पडतात आणि सुरुवात सुट्या झाडांपासून होते. या बाबतीत डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांचं उदाहरण विद्यार्थ्यांना मी नेहमी देतो. पंतनगरला असताना १९६६ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की तराईतल्या भाताचा खैरा 'रोग' हा रोग नाहीच, जस्ताची कमतरता आहे. जस्त दिलं, भात हिरवा झाला. तिथे कुठलाही विषाणू शोधत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय होता.

पऱ्हाटीत घातलेल्या तुरीच्या तासांत काही झाडं हिरवीगार, झुडपासारखी वाढतात, पण त्यांना फुलच येत नाही. गावात वांझ तूर म्हणतात. हा बियाण्याचा दोष का? (जैनथ, भीमपूर आणि किनवटहून तीन पत्रं)

बियाण्याचा दोष नाही. हा रोग बियाण्यातून येत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे बियाणे कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. या प्रश्नावर थोडं लांबवर लिहिणार आहे, कारण तुरीच्या वांझ रोगाइतकी चिवट गोष्ट आपल्या पिकांत दुसरी नाही.

रोगाची पहिली नोंद १९३१ ची, बिहारमधल्या पुसा इथली. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं कारण सापडलं नाही. रोग कोळ्यामुळे पसरतो हे कळलं. हा कोळी इतका बारीक, सुमारे पाव मिलिमीटर, की भिंगाशिवाय दिसत नाही, आणि वाऱ्यावर स्वार होऊन दुसऱ्या वावरात जातो. विषाणू असावा असा सगळ्यांचा अंदाज होता, पण हाती लागत नव्हता. रोगट पानाचा रस काढला की विषाणू त्यात टिकत नसे, आणि रस चोळून दुसऱ्या तुरीला रोग लावता येत नसे.

तरीही काम थांबलं नाही. हैदराबादजवळ पटानचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था सुरू झाली, तिथे डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी एम. व्ही. रेड्डी यांनी १९७६ मध्ये एक युक्ती काढली. कोळी असलेलं रोगट पान घ्यायचं आणि चक्क स्टेपलरनं निरोगी रोपाच्या पानाला टाचायचं. पान वाळू लागलं की कोळी आपोआप नव्या पानावर सरकतात. साध्या स्टेपलरनं हजारो वाण तपासले गेले. विषाणू कोणता हे ठाऊक नसताना रोगप्रतिकारक वाण निवडता आले ते यामुळेच. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण तुम्ही पेरत असाल. नावातली इंग्रजी अक्षरं 'बदनापूर, वांझ रोगप्रतिकारक' एवढंच सांगतात. इक्रिसॅटचा आयसीपीएल ८७११९ म्हणजे आपली 'आशा', तीही मर आणि वांझ दोन्ही रोगांना दाद देत नाही. याउलट 'मारुती' मर रोगापुढे टिकते पण वांझ रोगाला इतकी सहज बळी पडते, की संशोधक तिच्या ओळी मुद्दाम रोग पसरवायला लावतात.

विषाणू अखेर २००० च्या सुमारास पटानचेरूलाच, स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांच्या साथीनं हाती आला. आणि सिक्वेन्सिंगची खरी गंमत त्यानंतरची. इटलीतल्या बारी इथल्या संस्थेनं इक्रिसॅटबरोबर जिनोम वाचायला घेतला आणि २०१४ मध्ये त्याचे आरएनएचे पाच तुकडे जाहीर केले, सगळे मिळून चौदा हजारांच्या आसपास अक्षरं. काम झालं असं वाटत असताना पुढच्याच वर्षी रोगट तुरीत दुसरा विषाणू निघाला, सहा तुकड्यांचा. म्हणजे ज्याला शेतकरी आणि शास्त्रज्ञ दोघंही एक रोग म्हणत होते, त्यामागेही दोघं जण. २०१७ मध्ये देशातले वेगवेगळे नमुने वाचले गेले तेव्हा एकाच झाडात दोन्ही सापडले, आणि त्यांचे तुकडे आपसांत बदलल्याचे पुरावेही. बेंगळुरूकडचा वांझ रोग पटानचेरूच्या रोगाहून तीव्र असतो, एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे पडतो, हे पैदासकारांना आधीपासून दिसत होतं. आता त्याची चौकशी कुठून सुरू करायची ते तरी कळलं.

तुम्ही करायचं ते सोपं आहे. आपल्या भागासाठी शिफारस केलेल्या वाणांतून प्रतिकारक वाण घ्या. तूर काढल्यावर धुऱ्यावर, परसात, गोठ्याजवळ उभी राहिलेली खोडवा तूर तोडा. उन्हाळ्यात कोळी आणि विषाणू दोन्ही तिच्यावरच जगतात. वांझ झाड 'हिरवं आहे, राहू द्या, बकऱ्यांना होईल' म्हणून ठेवू नका. पंचेचाळीस दिवसांच्या आत दिसलं तर लगेच उपटा.

जाता जाता: २०११ मध्ये खुद्द तुरीचा जिनोम वाचला गेला, अंदाजे ८३ कोटी अक्षरांचा. त्यासाठी निवडलेली तूर कोणती? 'आशा'च.

निवृत्त शिक्षक आहे. पानातला विषाणू वाचण्यावर सरकार पैसा घालतं, पण शेतकऱ्याच्या पदरात आजवर काय पडलं, ते एका उदाहरणानं सांगा. (आदिलाबाद)

गुरुजी, उदाहरण तुमच्या शहराच्या मार्केट यार्डातच आहे. तिथे येणारा बहुतेक सगळा कापूस बीटी आहे. कपाशीत घातलेलं बीटीचं जनुक चालू ठेवायला एक कळ लागते. ती कळ फुलकोबीच्या मोझॅक विषाणूतून घेतलेली आहे. त्या विषाणूचा ८,०२४ अक्षरांचा जिनोम १९८० मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला पूर्ण वाचला गेला, म्हणून त्यातली ही कळ नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते समजलं. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. फुलकोबीवरच्या एका रोगाचा अभ्यास कधी पऱ्हाटीच्या कामी येईल, असं स्ट्रासबुर्गमध्ये त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर हसले असते.

मात्र एक गैरसमज दूर करतो, कारण पत्रांत तो दिसला: बीटी बोंडअळीसाठी आहे. बीटी कापसाला विषाणूपासून कसलंही संरक्षण नसतं.

कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. लेखात तुम्ही गवतं आणि तणांचे विषाणूही वाचायला हवेत असं म्हटलं. तणाला रोग झाला तर चांगलंच की! (उटनूर)

तण रोगानं मेलं असतं तर मीही पेढे वाटले असते. अडचण ही की ते मरत नाही, आजारीही दिसत नाही.

२००० साली अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाचं काय झालं ते वाच. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरवरचं पीक करपलं, नुकसान तीनशे कोटी रुपयांच्या वर. सुरुवातीला सगळ्यांनी त्याला शेंडेमर म्हटलं, कारण शेंडेमरीचा विषाणू भुईमुगात आधीपासून माहीत होता आणि लक्षणं तशीच होती. तपासल्यावर निघाला तंबाखूचा स्ट्रीक विषाणू. हा फरक पुस्तकी नाही. शेंडेमरीचा विषाणू फुलकिड्याच्या शरीरात वाढतो. स्ट्रीक विषाणू फुलकिड्यात वाढतच नाही, तो परागकणांत बसून येतो. फुलकिडा पानाला ओरखडतो आणि त्या जखमेत अंगावरचे परागकण सांडतात. हे परागकण कुणाचे? गाजरगवताचे. ते विषाणू अंगात बाळगतं आणि हिरवंगार, फुललेलं दिसतं. त्यामुळे पिकावर फवारणं हा दुय्यम उपाय ठरतो. मुख्य काम म्हणजे फुलण्याआधी पांदीतलं आणि धुऱ्यावरचं गाजरगवत उपटणं, आणि भुईमुगाभोवती ज्वारीच्या किंवा बाजरीच्या दाट ओळी घेऊन वाऱ्यानं येणारे फुलकिडे अडवणं. २००२ मध्ये कपाशी, मूग, सूर्यफूल आणि ताग यांच्यातल्या या विषाणूच्या आवरणाचं जनुक वाचलं, तर ते चारही पिकांत जवळजवळ एकसारखं निघालं. चार पिकांचे चार रोग नाहीत, एकच विषाणू पिकापिकांत फिरतोय. कपाशीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

खऱ्या गवताकडे वळू. ज्वारीही गवतच. मक्याचा स्ट्राइप विषाणू आपल्याकडे ज्वारीवर आढळतो. पानांवर पिवळसर पट्टे येतात, ताट खुजं राहतं, कणीस नीट भरत नाही. त्याला नेणारा तुडतुडा ज्वारी आणि मक्यावर वाढतो आणि विषाणू त्या तुडतुड्याच्या अंगातही वाढतो, म्हणजे एकदा बाधला की तो तुडतुडा जन्मभर रोग वाटत फिरतो. नात्याची गोष्ट आणखी मजेची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये कपाशीत पोलेरो गटातला एक विषाणू नोंदवला, मावा त्याला पसरवतो. त्याच गटातला दुसरा विषाणू उसाचं पान पिवळं पाडतो आणि काही भाऊबंद गहू-जवासारख्या धान्यगवतांवर असतात. पानाकडे बघून कपाशी आणि ऊस यांच्या रोगांचं नातं कुणी जोडलं नसतं.

त्यातही गवत नेहमी बळीच असतं असं नाही. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांजवळ एक गवत वाढतं. त्याच्या आत एक बुरशी, आणि बुरशीच्या आत एक विषाणू. तिघं एकत्र असतील तरच ते गवत ६५ अंश तापलेल्या जमिनीत तग धरतं. विषाणू काढून टाकला की मरतं. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एप्रिल-मेमध्ये आदिलाबादच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गवतांत काय दडलंय, माझ्या माहितीत कुणी वाचलेलं नाही. प्रबंधाला विषय शोधत असशील तर हा घे.

मोझॅक झालेलं सोयाबीनचं कुटार बैलांना चालेल का? माणसाला हा व्हायरस लागतो का? (तलमडुगू)

चालेल, आणि नाही. बुरशी लागलेलं कुटार मात्र देऊ नका. झाडांचे विषाणू आपण रोजच खातो. २००६ मध्ये निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू वाचले, तर त्यात सर्वांत जास्त निघाला मिरचीवरचा एक विषाणू. खाणाऱ्यांना काही झालेलं नव्हतं. आपल्या भागातल्या ठेच्याचा हिशेब केला तर आपल्यात तो किती असेल, विचार करा.

कपाशीवरचा लाल्या हा व्हायरस आहे का? (पांढरकवडा)

बहुतेक वेळा नाही. मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता, बोंडांचा भार, थंड रात्री ही त्याची नेहमीची कारणं. पण पानं लाल होण्याबरोबर खाली वळून चामड्यासारखी कडक होत असतील, शिरा पिवळ्या पडत असतील आणि झाड खुजं राहिलं असेल, तर वर सांगितलेल्या पोलेरो विषाणूची शंका घ्या आणि नमुना द्या.

नमुना द्यायचा कुठे, कसा, आणि प्रयोगशाळेत त्याचं करतात काय? (अनेक पत्रं)

आधी शेवटचं सांगतो. पानातून आरएनए किंवा डीएनए काढतात. आरएनए असेल तर त्याची डीएनएमध्ये नक्कल करतात. यंत्र त्याचे छोटे-छोटे तुकडे वाचतं आणि ज्या तुकड्यांच्या कडा एकमेकींशी जुळतात ते संगणक सांधत जातो. अडचण ही की पानातली बहुतांश अक्षरं झाडाची स्वतःची असतात. इथे झाडच मदतीला येतं. विषाणू शिरला की झाड त्याच्या आरएनएचे २१, २२, २४ अक्षरांचे तुकडे पाडतं, हा त्याचा बचाव. ते तुकडे गोळा करून वाचले की झाड कुणाशी लढतंय ते कळतं. आधीपासून संशय कुणावर आहे हे सांगावं लागत नाही. २००९ पासून ही रीत रुळली आणि लपलेले कितीतरी विषाणू तिनं उघडे पाडले.

प्रत्येक शेतकऱ्यानं सिक्वेन्सिंग करून घ्यायची गरज नाही. एका तालुक्यातले चांगले निवडलेले नमुने पुरतात. त्यासाठी नमुना चांगला हवा. पूर्ण वाळलेलं, पिवळंधम्मक झालेलं पान कामाचं नाही. नुकती लक्षणं आलेलं कोवळं पान घ्या. एक निरोगी पान त्याच वावरातून घ्या आणि वेगळं ठेवा, तुलनेसाठी ते लागतं. ओल्या पानाला बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ते सडतं आणि बुरशी वाचायला मिळते. टिपकागदात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा, त्याच दिवशी पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. आदिलाबादचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी संशोधन केंद्र ही पहिली पायरी. महाराष्ट्रातल्यांनी यवतमाळमधून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आणि नांदेडमधून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आपापल्या केंद्रांमार्फत जावं. पुढे कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचं ते त्यांनी ठरवावं.

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत फक्त मोबाइलवर काढलेला फोटो होता, आणि त्यावरून उत्तर देणं अशक्य होतं. पुढच्या पत्रात वाणाचं नाव पिशवीवर छापलंय तसं लिहा, पेरणीची तारीख लिहा, शेजारच्या वावरात काय आहे आणि धुऱ्यावर कोणतं तण आहे तेही लिहा. फोटो पाठवलाच तर पानाच्या दोन्ही बाजूंचा पाठवा. किडी बहुतेक खालच्या बाजूला असतात.